विश्लेषण : सआदत हसन मंटो यांच्या कथांमधील वेश्या वेगळ्या का ठरल्या?

कथा-नाटकांतील वेश्या एकतर सोन्याच्या काळजाची असे किंवा कुणीतरी येऊन उद्धार करण्याची वाट पाहत असे. मंटोंनी तिच्या घरभाड्याचा, दलालीचा आणि अपमानाचा हिशेब मांडला. त्यासाठी ते कोर्टाच्या पायऱ्या चढले. त्यांचे आयुष्य आणि त्यांच्या कथा समजून घेऊ.

तीन महिने, सहा गिऱ्हाइके, एकूण कमाई साडेअठरा रुपये. खोलीचे भाडे महिन्याला २० रुपये, म्हणजे तीन महिन्यांचे ६०. हा ताळेबंद आहे सुलतानाचा. अंबाल्याच्या छावणीत गोऱ्या सोल्जरांमुळे तिचा धंदा बरा चालत होता. दिल्लीला आल्यावर तो बसला आणि एकेक करून अंगावरचे दागिने विकले गेले. आता मोहरम तोंडावर आला आहे आणि तिला हवी आहे फक्त एक काळी सलवार.

ही सआदत हसन मंटो यांची ‘काली शलवार’ ही उर्दू कथा. नायिका देहविक्रय करणारी आहे, पण कथेत शृंगाराचे वर्णन जवळपास नाहीच. आहे तो भाड्याचा घोर, रिकामा दिवस आणि सणाला धड कपडा नसल्याची खंत. तरीही या कथेवर अश्लीलतेचा खटला चालला. तो का चालला, याचे उत्तर शोधताना साहित्यात वेश्येला कसे रंगवले जाते, हा मोठा प्रश्न समोर येतो.

मंटो कोण होते?

मंटो यांचा जन्म ११ मे १९१२ रोजी पंजाबमधील लुधियानाजवळच्या समराला येथे झाला. घराणे मूळचे काश्मिरी, वडील न्यायखात्यात नोकरीला. बालपण आणि तारुण्य अमृतसरमध्ये गेले. अभ्यासात त्यांची गती बेताची होती. मॅट्रिकला ते नापास झाले आणि त्यात उर्दूचाही विषय होता. पुढे याच भाषेतील सर्वांत मोठ्या कथाकारांत त्यांचे नाव घेतले गेले.

अमृतसरमध्ये बारी अलीग या पत्रकाराची भेट झाली आणि त्यांच्या आयुष्याला वळण लागले. बारी यांच्यामुळे त्यांना फ्रेंच आणि रशियन साहित्याची गोडी लागली. व्हिक्टर ह्यूगो यांच्या, फाशीच्या कैद्याच्या शेवटच्या दिवसावरील पुस्तकाचा त्यांनी उर्दू अनुवाद केला. त्यांची पहिली कथा ‘तमाशा’ जालियनवाला बाग हत्याकांडाच्या पार्श्वभूमीवरची होती. काही काळ ते अलीगढला शिकले. पण क्षयाच्या संशयामुळे ते शिक्षण अर्धवट राहिले.

मुंबईशी त्यांचे नाते काय?

१९३६ मध्ये मंटो ‘मुसव्विर’ या सिनेसाप्ताहिकाचे संपादन करण्यासाठी मुंबईत आले. भायखळ्याच्या क्लेअर रोडवर, अॅडेल्फी चेंबर्समध्ये ते राहत असत. १९३९ मध्ये सफिया यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४१ मध्ये ते ऑल इंडिया रेडिओच्या नोकरीसाठी दिल्लीला गेले. तिथे त्यांनी शंभरावर नभोनाट्ये लिहिली. याच काळात त्यांचा तान्हा मुलगा आरिफ दगावला. १९४२ मध्ये ते मुंबईत परतले आणि फिल्मिस्तान, नंतर बॉम्बे टॉकीज अशा चित्रसंस्थांमध्ये काम करू लागले. अशोक कुमार आणि श्याम हे अभिनेते त्यांचे जवळचे मित्र.

मंटोंच्या कथा समजून घ्यायच्या तर मुंबईचा हा भाग डोळ्यासमोर आणावा लागतो. क्लेअर रोडवरून नागपाडा चालत जाण्याच्या अंतरावर. तिथून पुढे कामाठीपुरा, फोरास रोड आणि पिला हाऊस. पिला हाऊस हे नाव ‘प्लेहाऊस’चा अपभ्रंश आहे. नाटकांची थिएटरे आणि देहविक्रयाची वस्ती इथे शेजारी शेजारी वसली होती. इराण्याचे हॉटेल, ट्रामचा आवाज, पानाची गादी, टॅक्सीवाले, दलाल आणि चाळीतल्या खोल्या हे सगळे मंटोंच्या कथांत जसेच्या तसे आले. त्यांची वेश्या महालात राहत नाही. ती भाड्याच्या खोलीत राहते आणि शेजाऱ्यांना ओळखते.

मंटोंपूर्वी ही व्यक्तिरेखा कशी रंगवली जायची?

ढोबळमानाने तीन साचे होते.

पहिला साचा गुणी गणिकेचा. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’मधील वसंतसेना श्रीमंत आहे, कलावती आहे आणि गरीब चारुदत्तावर निस्सीम प्रेम करते. मराठी रसिकांना ती गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत मृच्छकटिक’मुळे माहीत आहे. १८९९ मध्ये आलेल्या मिर्झा हादी रुसवा यांच्या ‘उमराव जान अदा’ची नायिकाही शायरी करणारी, लखनवी तहजीब जपणारी तवायफ आहे.

दुसरा साचा त्यागमूर्तीचा. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या ‘देवदास’मधील चंद्रमुखी नायकासाठी आपला व्यवसाय सोडते आणि बदल्यात काही मागत नाही. हिंदी सिनेमाने हा साचा नंतर कित्येक दशके वापरला.

तिसरा साचा उद्धाराचा. प्रेमचंद यांच्या ‘सेवासदन’मधील सुमन घरातून बाहेर पडते, कोठ्यावर पोहोचते आणि शेवटी आश्रमात सेवेला लागते. प्रभात फिल्म कंपनीच्या १९३९ च्या ‘माणूस’मध्ये व्ही. शांताराम यांनी या साच्यालाच प्रश्न विचारला. गणपत हा साधा पोलीस शिपाई मैनाला त्या जगातून बाहेर काढू पाहतो, पण तिचा भूतकाळ तिची पाठ सोडत नाही. त्या काळासाठी हा चित्रपट धाडसी होता. तरी त्याच्याही केंद्रस्थानी प्रश्न होता तो तिच्या सुटकेचा.

या तिन्ही साच्यांत एक गोष्ट समान आहे. वाचकाची सहानुभूती मिळवण्यासाठी त्या बाईला आधी आपले मोठेपण सिद्ध करावे लागते. ती कलावंत असावी, त्यागी असावी किंवा पश्चात्ताप करणारी तरी असावी. यातले काहीच नसेल तर तिला कथेत जागा नाही.

मंटोंनी नेमके काय बदलले?

मंटोंनी ही अटच काढून टाकली. त्यांच्या वेश्या सद्गुणांच्या पुतळ्या नाहीत. त्या आळस करतात, खोटे बोलतात, भोळेपणाने फसतात, चिडतात आणि कधी कधी मनापासून हसतात. चार कथांवरून हे स्पष्ट होते.

‘हतक’ : हतक म्हणजे अपमान. मुंबईतील सौगंधीचा दर १० रुपये आहे. त्यातील अडीच रुपये दलाल रामलाल कापून घेतो आणि साडेसात तिच्या हाती येतात. पुण्याचा हवालदार माधो महिन्यातून एकदा येतो. धंदा सोड, खर्च मी पाठवतो, असे दर वेळी सांगतो आणि उलट तिच्याकडूनच पैसे उकळून जातो. सौगंधीला हे कळते, पण प्रेमाचे दोन शब्द ऐकण्यासाठी ती न कळल्याचे सोंग करते.

एका रात्री डोके दुखत असतानाही ती गिऱ्हाइकासाठी उठते. कारण शेजारच्या एका मद्रासी बाईचा नवरा मोटारीखाली सापडून मेला आहे आणि तिला गावी जायला पैसे हवे आहेत. खाली मोटारीत बसलेला शेठ बॅटरीचा झोत सौगंधीच्या तोंडावर टाकतो, नापसंतीचा हुंकार देतो आणि निघून जातो. एवढेच घडते. पण त्या एका हुंकाराने तिच्या मनात इतक्या वर्षांचा साचलेला अपमान उसळून येतो. ती भिंतीवरच्या पुरुषांच्या तसबिरी फोडते, माधोला हाकलून देते आणि शेवटी आपल्या खरजुल्या कुत्र्याला कुशीत घेऊन झोपते. देह विकणाऱ्या बाईला कसला आलाय मान, असे समजणाऱ्या समाजाला मंटोंनी दिलेले हे उत्तर होते.

‘दस रुपये’ : सरिता ही चाळीत राहणारी कोवळी मुलगी. तिची आईच तिला पाठवते. तिला मात्र मोटारीत बसून वारा खाण्याचे वेड आहे. तीन तरुणांबरोबर ती समुद्रावर फिरून येते. खूप हसते, गाते. परतताना तिला दिलेली १० रुपयांची नोट ती परत करते. तिच्या मते आजचा दिवस मजेचा होता, मग पैसे कसले? आज कायद्याच्या भाषेत हे सरळसरळ बालकाचे लैंगिक शोषण आहे. मंटो भाषण देत नाहीत. पण त्या मुलीचा निरागसपणाच वाचकाला अस्वस्थ करून सोडतो.

‘सौ कँडल पॉवर का बल्ब’ : यातील बाई कित्येक दिवस झोपलेली नाही. प्रखर दिव्याखाली दलाल तिला पुन्हा पुन्हा उठवत राहतो. तिची मागणी एकच आहे, झोप. शेवटी दलालाचे डोके विटेने ठेचलेले दिसते आणि बाजूला ती गाढ झोपलेली असते. इथे मंटो तिच्या कामाकडे श्रम म्हणून पाहतात, ज्यात विश्रांतीचाही हक्क नाही.

‘बाबू गोपीनाथ’ : लाहोरचा एक पैसेवाला माणूस जीनत नावाच्या बाईवर वडिलोपार्जित संपत्ती उधळतो. आपण कफल्लक होण्याआधी तिचे चांगले लग्न लागावे, हीच त्याची धडपड आहे. गोष्ट सांगणाऱ्या पात्राचे नाव चक्क मंटो आहे. लग्नाच्या दिवशी नवरीच्या वेशातील जीनत आणि फुलांनी सजवलेला पलंग पाहून या मंटोला हसू फुटते. जीनतचे डोळे भरून येतात आणि बाबू गोपीनाथ दुखावला जातो. म्हणजे सहानुभूती दाखवणाऱ्या सुशिक्षित माणसाच्या मनातही तुच्छता दडलेली असते, हे लेखकाने स्वतःचेच नाव वापरून दाखवून दिले.

खटले कशासाठी झाले?

फाळणीपूर्वी ‘काली शलवार’, ‘धुआँ’ आणि ‘बू’ या कथांवर लाहोरमध्ये खटले चालले. कलम होते भारतीय दंड संहितेचे २९२, म्हणजे अश्लील साहित्याची विक्री आणि प्रसार. ‘बू’चा खटला सुरू होता तेव्हाच इस्मत चुगताई यांच्यावर ‘लिहाफ’ कथेसाठी खटला चालू होता. दोघेही मुंबईहून लाहोरला तारखांना हजर राहत. दोघेही निर्दोष सुटले.

१८६० चे हे कलम समजून घेताना त्यामागची कसोटी लक्षात घ्यावी लागते. इंग्लंडमधील १८६८ च्या हिकलिन खटल्यातून ती आली. मजकुरामुळे, ज्यांच्या मनावर असा परिणाम होऊ शकतो अशा वाचकांची मने बिघडतील का, एवढेच त्यात पाहिले जाई. त्यामुळे कथेतील एखादा शब्द किंवा प्रसंग सुटा काढून त्यावर बोट ठेवणे सोपे होते. साहजिकच मंटोंच्या बचावाचा भर उलट दिशेने होता. कथा पूर्ण वाचा, ती वाचून कुणाला त्या बाजारात जावेसे वाटते की त्या बाईच्या परिस्थितीने मन खिन्न होते ते पाहा, असा त्यांचा युक्तिवाद होता. समाजात जे उघड चालते त्याला लपवण्याचे काम लेखकाचे नाही, अशी भूमिका त्यांनी आपल्या निबंधांतही वारंवार मांडली.

इथे एक विसंगती दिसते. कोठ्यावरच्या मुजऱ्याचे रसभरीत वर्णन करणारे साहित्य त्या काळी सर्रास वाचले जात होते. त्या तुलनेत सुलतानाच्या थकलेल्या घरभाड्याने वाचक जास्त अस्वस्थ झाले. तवायफेचे वैभव पाहणे सोपे जाते. ताळेबंद वाचला की गिऱ्हाईकही कथेत येते आणि ते गिऱ्हाईक समाजातलेच असते.

फाळणीनंतर काय झाले?

जानेवारी १९४८ मध्ये मंटो मुंबई सोडून पाकिस्तानात गेले आणि लाहोरला स्थायिक झाले. देश बदलला, पण कलम तेच राहिले. मार्च १९४९ मध्ये ‘जावेद’ मासिकात ‘ठंडा गोश्त’ प्रसिद्ध झाली. फाळणीतील हिंसाचाराने माणसाचे काय होते हे सांगणाऱ्या या कथेवरही खटला भरला गेला. बचावाच्या साक्षीदारांत कवी फैज अहमद फैज होते. कथा अश्लील नाही असे त्यांनी सांगितले, मात्र उच्च साहित्यिक दर्जाचे प्रमाणपत्र दिले नाही. १९५० मध्ये खालच्या कोर्टाने मंटोंना तीन महिने सक्तमजुरी आणि ३०० रुपये दंड ठोठावला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडले. सरकार उच्च न्यायालयात गेले आणि तिथे ३०० रुपयांचा दंड कायम झाला. पुढे ‘ऊपर, नीचे और दरमियान’साठी कराचीत २५ रुपये दंड झाला.

दंडाची रक्कम आज किरकोळ वाटेल. पण मुंबईतील पगारी काम सुटलेल्या, घरी पत्नी आणि तीन मुली असलेल्या लेखकासाठी ती मोठी होती. त्यात पुरोगामी लेखक संघटनेनेही त्यांना प्रतिगामी ठरवून दूर केले. मासिके आणि वर्तमानपत्रांकडून मिळेल त्या मोबदल्यावर ते कथा लिहून देत. दारूचे व्यसन वाढत गेले. ते सोडवण्यासाठी मनोरुग्णालयातही उपचार झाले. १८ जानेवारी १९५५ रोजी यकृताच्या आजाराने त्यांचे निधन झाले. वय होते ४२.

याच काळात भारतात ‘मिर्झा गालिब’ हा चित्रपट गाजत होता. कथा मंटोंची, संवाद राजिंदर सिंह बेदी यांचे. गालिबवर प्रेम करणाऱ्या तवायफेची भूमिका सुरैया यांनी केली होती. सोहराब मोदी यांच्या या चित्रपटाला १९५४ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. एका देशात मंटोंच्या कथेला पदक आणि दुसऱ्या देशात दंड, अशी ही स्थिती होती.

मंटोंवर आक्षेप कोणते घेतले जातात?

मंटोंच्या चित्रणावर टीकाही होते आणि ती दुर्लक्षिण्यासारखी नाही. स्त्रीच्या शरीराचे वर्णन करताना त्यांची नजर पुरुषाचीच राहते, हा एक आक्षेप. दुसरा असा की, त्यांच्या अनेक वेश्यांमध्ये शेवटी आई दिसते, म्हणजे ममतेचा जुनाच साचा वेगळ्या वाटेने परत येतो. तिसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. या बायका बोलतात त्या मंटोंच्या लेखणीतून, त्यांची स्वतःची लेखणी तिथे नाही. या आक्षेपांनंतरही सौगंधी आणि सुलताना वाचकाच्या लक्षात राहतात, कारण त्यांना कुठल्याही शिकवणीसाठी वापरलेले नाही.

मराठी साहित्यात आणि कायद्यात पुढे काय घडले?

अश्लीलतेचा हाच कायदा मराठी लेखकालाही कोर्टात घेऊन गेला. १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातील ‘श्यामा’ या कथेसाठी चंद्रकांत काकोडकर यांच्यावर खटला झाला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. तीनच वर्षांनी, १९७२ मध्ये नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला. मंटो ज्या वस्तीच्या जवळ राहत होते, तिचे जगणे आता तिथेच वाढलेल्या कवीच्या मराठीतून बोलू लागले.

न्यायालयांची दृष्टीही बदलत गेली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिकलिन कसोटी बाजूला ठेवून समकालीन समाजाच्या निकषांवर भर दिला. मे २०२२ च्या आदेशात देहविक्रय करणाऱ्या महिलांनाही सन्मानाने जगण्याचा घटनात्मक हक्क असल्याचे स्पष्ट केले आणि पोलिसांनी त्यांच्याशी सभ्यतेने वागावे, असे निर्देश दिले. २०२३ मध्ये न्यायालयाने लिंगभेदी शब्दांबाबत एक पुस्तिका काढली. त्यात निकालपत्रांमध्ये वेश्या या अर्थाच्या शब्दाऐवजी ‘सेक्स वर्कर’ हा शब्द वापरण्याची सूचना होती. दंड संहितेची जागा आता भारतीय न्याय संहितेने घेतली असली, तरी अश्लील साहित्याचा गुन्हा कलम २९४ खाली कायम आहे.

मंटोंच्या कथांवर आजही नाटके होतात. फरीदा मेहता यांनी २००२ मध्ये ‘काली सलवार’ चित्रपट केला, तर नंदिता दास यांचा ‘मंटो’ २०१८ मध्ये आला. ज्या पाकिस्तानात त्यांना दंड झाला, तिथे २०१२ मध्ये त्यांना ‘निशान-ए-इम्तियाज’ हा नागरी सन्मान मरणोत्तर देण्यात आला.

दरम्यान पडद्यावरची वेश्या पुन्हा भरजरी घागरा आणि झुंबरांच्या प्रकाशात दिसू लागली आहे. असा चित्रपट किंवा वेब मालिका पाहताना मंटोंच्या कथांवरून एक साधा प्रश्न विचारता येतो. ही बाई कुठे राहते, भाडे किती देते, तिच्या कमाईतून कोण किती कापून घेते आणि तिला सुट्टी कधी मिळते, हे कथेत कुठे कळते का?